मुलांची जलतरण स्पर्धा : अर्ज भरण्यापूर्वी

पावसाळ्यात शाळा रुळल्या, की शालेय क्रीडा स्पर्धांचे वारे वाहू लागते. कबड्डी, खो-खोच्या जोडीने आता लहान गावांतूनही जलतरणाचे अर्ज भरले जातात. पूर्वी मूल पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत शिकायचे. काठावरून उडी मारता आली, की शिक्षण संपले. आता तलाव झाले, प्रशिक्षक आले आणि तंदुरुस्तीचा दाखला मागायला पालक दवाखान्यात येऊ लागले. नाडी पाहावी, शिक्का मारावा, झाले, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. पण शिक्क्याआधी मी पालकांना थोडा वेळ बसवून घेतो. त्यांना जे सांगतो, तेच आज येथे लिहीत आहे.

गट वयाचा, वाढ शरीराची

राज्याच्या क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत, मुले व मुली यांच्यासाठी वेगवेगळ्या होतात. आधी जिल्हा, मग विभाग, मग राज्य अशी ही चढण असते. गट जन्मतारखेवरून ठरतो. कॅलेंडरला हे सोपे असते; शरीर मात्र कॅलेंडर पाहून वाढत नाही.

मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान केव्हाही होऊ शकते, मुलांमध्ये ९ ते १४ च्या दरम्यान. हे सगळे नैसर्गिकच आहे. उंची सर्वांत वेगाने वाढते ती मुलींची साधारण बाराव्या वर्षी आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास. त्या एका वर्षात मुलगी ८ सेंटिमीटर आणि मुलगा ९ सेंटिमीटरसुद्धा वाढतो.

याचा अर्थ काय? १४ वर्षांखालील एकाच शर्यतीत एका बाजूला पाचवीतला किरकोळ पोरगा असतो आणि शेजारच्या मार्गिकेत मिसरूड फुटलेला, आवाज फुटलेला आठवीतला मुलगा असतो. दोघांच्या जन्मतारखा खऱ्या असतात. पाण्यात लांब हात, रुंद खांदे आणि मोठा तळवा यांचा फायदा होतोच. हरलेला मुलगा कमी कष्टाळू होता असे यावरून ठरत नाही आणि जिंकलेला जन्मभर जिंकेल असेही नाही. उशिरा वाढणारी मुले सतराव्या वर्षापर्यंत बरोबरी गाठताना आपण पाहतो. फक्त तोवर ती पाण्यात टिकली पाहिजेत.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जपावी लागते. वयात येताना त्यांच्या अंगावर थोडी चरबी येते, बांधा बदलतो. त्या काळात वर्षभर वेळेत सुधारणा होत नाही. मग घरी म्हणतात, "आळशी झाली, वजन वाढले, जेवण कमी कर." हे कृपया करू नका. वाढीच्या वयात, रोज तासन्‌तास पोहणाऱ्या मुलीला कमी खायला घातले, तर पाळी लांबते किंवा थांबते, हाडे कमकुवत होतात आणि हिमोग्लोबिन उतरते. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

मग प्रगती मोजायची कशी? मुलाच्या स्वतःच्या वेळेवरून. दोनशे पानी वहीत तारीख, अंतर, प्रकार आणि वेळ लिहून ठेवा. तलावाची लांबीही लिहा. २५ मीटरच्या तलावात वळणे जास्त असतात आणि प्रत्येक वळणावर भिंतीला पाय मारून जोर मिळतो, त्यामुळे वेळ कमी लागतो. गावातल्या २५ मीटरच्या तलावात सरावलेले मूल विभागाला ५० मीटरच्या तलावात उतरले, की वेळ वाढते आणि पालकांचा चेहरा उतरतो. ती पीछेहाट नसते. तुलना सारख्या तलावांचीच करावी.

जन्मतारखेचा मोह

एक अवघड विषय बोललाच पाहिजे. "डॉक्टर, वयाचा दाखला एखादे वर्ष कमी करून देता येईल का?" असे मला दबक्या आवाजात विचारणारे पालक भेटतात. ती माणसे वाईट नसतात. पदक, दहावीचे सवलतीचे गुण, शेजाऱ्याचा मुलगा, असे बरेच काही मनात असते. मी दाखला देत नाही. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या नोंदीतील जन्मतारीख हीच खरी.

वरच्या पातळीवर शंका आली, तर डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात. क्रिकेटमध्ये मुलांच्या स्पर्धांसाठी ही पद्धत रुळली आहे. तो अंदाज असतो, अचूक जन्मतारीख नव्हे. लवकर वाढलेल्या प्रामाणिक मुलाचेही हाडांचे वय पुढे दिसू शकते. अशा मुलाला त्याचा खरा जन्मदाखलाच आधार देतो. पण खोट्या दाखल्याचे मोठे नुकसान त्याआधीच झालेले असते. आपल्या जोरावर आपण जिंकू शकत नाही, असे बापाला वाटते, हे मुलाला कळून चुकते. शिवाय त्या खोट्या वर्षापायी दुसऱ्या कोणाच्या तरी अकरा वर्षांच्या पोराचा हक्काचा क्रमांक जातो.

दाखल्यापूर्वीची तपासणी

पोहताना किंवा धावताना मूल कधी बेशुद्ध पडले आहे का? घराण्यात कोणी तरुणपणी अचानक दगावले आहे का? हे दोन प्रश्न मी पहिल्यांदा विचारतो. हृदयाच्या ठोक्यांचा एक आनुवंशिक दोष असा आहे, की तो एरवी लपलेला असतो आणि पोहण्याच्या श्रमात प्रकट होऊ शकतो. उत्तर 'होय' असेल, तर ईसीजी आणि हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला झाल्याशिवाय दाखला नाही. "उन्हाने चक्कर आली असेल" म्हणून सोडून देऊ नका.

फिट येणाऱ्या मुलाने तज्ज्ञांना विचारल्याशिवाय स्पर्धेत उतरू नये आणि सरावातही नजरेआड पोहू नये. आजार लपवणे फार धोक्याचे असते. दम्याच्या मुलांना मात्र पोहणे बहुधा मानवते. त्यांचा पंप तलावाच्या काठावर, प्रशिक्षकाला ठाऊक असलेल्या जागी ठेवावा. ज्या तलावावर क्लोरीनचा उग्र वास येऊन डोळे चुरचुरतात, तेथे त्यांना त्रास होऊ शकतो.

कान वाहत असेल, डोळे आले असतील, ताप किंवा जुलाब असतील, तर स्पर्धा कितीही मोठी असो, पाण्यात उतरू नये. रोज पोहणाऱ्या मुलाचे कान डोके कलते करून, टॉवेलच्या टोकाने कोरडे करावेत. काडी, पिन, कापसाचे बोळे नकोत.

सूर आणि श्वास

स्पर्धेत ओट्यावरून सूर मारून सुरुवात होते. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ओट्यासमोर पाणी निदान १.३५ मीटर, म्हणजे साडेचार फुटांच्या आसपास खोल असावे लागते. आपल्याकडच्या बऱ्याच तलावांत एक टोक जेमतेम तीन फुटांचे असते. तेथे सूर मारून डोके तळाला आपटले, तर मानेचा मणका मोडून हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. सूर खोल टोकालाच आणि प्रशिक्षकासमोरच शिकावा.

दुसरी खोड म्हणजे पाण्याखाली श्वास धरण्याच्या पैजा. आधी भराभरा खोल श्वास घेऊन बुडी मारली, की श्वास घेण्याची ऊर्मी उशिरा येते. त्याआधीच मेंदूचा प्राणवायू संपून मूल गुपचूप बेशुद्ध होते. ते हातपाय मारत नाही, ओरडत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यांचाही असा बळी गेला आहे.

स्पर्धेच्या दिवशी

शर्यतीआधी दोन-तीन तास पोहे, इडली किंवा भाकरी-भाजी असे नेहमीचे अन्न द्यावे. नवा पदार्थ नको, तळकट नको. मधल्या वेळात केळे, थोडे शेंगदाणे-गूळ. पाण्यात असले तरी मुलाला घाम येतो, म्हणून घरचे उकळलेले पाणी भरपूर न्यावे. शर्यती लांबतात, मूल ओल्या कपड्यांत कुडकुडते. दोन टॉवेल आणि कोरडे कपडे हवेतच. आदल्या रात्री नऊ तास झोप मिळेल असे पाहावे.

आणि परत येताना गाडीत वेळेचा हिशेब काढू नये. आधी जेवू घालावे.

कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी, २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला गेला, हे पालक मला आवर्जून सांगतात. त्यांना मी पुढचेही सांगतो. २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्याने ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवले. जलतरणात भारताला ते पदक २४ वर्षांनी मिळाले होते. २०१८ साली, सव्विसाव्या वर्षी, तो पुन्हा आशियाई स्पर्धेत उतरला आणि ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक हुकून चौथा आला. सोळाव्या वर्षानंतर दहा वर्षे पाण्यात टिकण्याची ही गोष्ट आहे.

आपल्या मुलाला पदक मिळेल की नाही, हे मी दाखल्यावर लिहू शकत नाही. पण अकराव्या वर्षी विभागाला सातवा आलेला मुलगा बाराव्या वर्षी आपण होऊन पहाटे उठून तलावावर जात असेल, तर त्याला स्पर्धेत घातल्याचे सार्थक झाले, असे समजावे.