विजेची गाडी आणि तिच्या बॅटरींतील रसायन

विजेवर चालणारी स्कूटर किंवा मोटार घ्यावी असा विचार अलीकडे पुष्कळ घरांतून चालू असतो. दुकानांत गेल्यावर आपण किंमत विचारतों, रंग पाहतों, एका चार्जिंगमध्यें गाडी किती किलोमीटर जाईल याची चौकशी करतों. एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो; तो म्हणजे, हिच्या बॅटरींत रसायन कोणतें आहे? वास्तविक गाडीच्या किंमतीचा फार मोठा वांटा बॅटरीचाच असतो. आणि गाडीचें वजन, तिचें आयुष्य, तिच्यापासून संभवणारा धोका व तिला वागविण्याची रीत हीं सारीं त्या रसायनावर अवलंबून असतात. म्हणून आजच्या भाषणांत या निरनिराळ्या रसायनांचे गुणदोष शेजारीं शेजारीं मांडून पाहावयाचे आहेत.

प्रथम बॅटरी म्हणजे काय तें थोडक्यांत पाहूं. टाकींत पाणी भरावें तशी वीज बॅटरींत भरलेली नसते. बॅटरी अनेक लहान सेलांची बनलेली असते. प्रत्येक सेलांत दोन निरनिराळ्या पदार्थांचे पत्रे असतात. एकास धनाग्र व दुसऱ्यास ऋणाग्र म्हणतात. दोहोंच्या मध्यें एक द्राव असतो. चार्ज करतांना बाहेरची वीज या पदार्थांत एक रासायनिक फेरफार बळेंच घडवून आणते. गाडी चालतांना तोच फेरफार उलट दिशेनें आपोआप होतो आणि गुंतलेली शक्ति पुन्हां विजेच्या रूपानें बाहेर पडून चाक फिरविते. तेव्हां पदार्थ बदलले कीं बॅटरीचा स्वभावच बदलतो.

तुलनेसाठीं एक माप हातीं असावें. आपल्या घरच्या मीटरवर मोजलें जाणारें एक युनिट म्हणजे एक हजार वॅट-तास. ३० युनिटें सांठविणारी बॅटरी असली तर मध्यम आकाराची मोटार सुमारें दोनशें किलोमीटर चालते. हीं ३० युनिटें सांठविण्यास प्रत्येक रसायन किती वजन मागतें, हें आतां पाहूं.

सर्वांत जुनें रसायन शिशाचें. १८५९ सालीं गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें शिशाचे पत्रे सौम्य गंधकाम्लांत बुडवून, पुन्हां पुन्हां भरतां येईल अशी पहिली बॅटरी सिद्ध केली. १८९९ सालीं कामीय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थानें शिशाच्या बॅटरीवरील गाडी ताशीं १०० किलोमीटरांहून अधिक वेगानें पळविली. तितका वेग त्यापूर्वीं रस्त्यावरील कोणत्याही मोटारीनें गांठला नव्हता. आपल्या देशांत २००१ सालीं बंगळूरहून निघालेली रेवा ही चिमुकली मोटार प्रथम शिशाच्याच बॅटरीवर चालत असे, आणि पुष्कळ ई-रिक्षा अजूनही तिच्यावरच चालतात. शिसें स्वस्त, आणि जुनी बॅटरी वितळवून तें पुन्हां वापरतांही येतें. परंतु एका किलोंत ३० ते ४० वॅट-तासांपलीकडे वीज मावत नाहीं. म्हणजे आपल्या ३० युनिटांसाठीं जवळजवळ साडेआठशें किलोंचें ओझें हवें. दहाबारा माणसें गाडींत कायमचीं बसवून ठेवावीं तसेंच तें झालें. शिवाय ही बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केली तर कांहीं शें फेऱ्यांतच थकते. शिसें विषारी असल्यामुळें तें उघड्यावर वितळविणाऱ्या मजुरांस व त्यांच्या मुलांबाळांस होणारी बाधा ही निराळीच.

हें ओझें टाळण्यासाठीं लोक निकेलकडे वळले. एडिसननें विसाव्या शतकाच्या आरंभीं निकेल व लोखंड यांची बॅटरी केली. पुढें १९९७ सालीं जपानांत निघालेल्या टोयोटा प्रियस या पेट्रोल व वीज अशा दोहोंवर चालणाऱ्या मोटारींत निकेल व हायड्राइड यांची बॅटरी आली. ती टिकाऊ ठरली. परंतु निव्वळ विजेवर दूर जाणाऱ्या गाडीस तीही जडच पडते.

खरी क्रांति केली ती लिथियमनें. हा सर्व धातूंत हलका. १९७० नंतरच्या दशकांत व्हिटिंगहॅम, १९८० सालीं गुडइनफ आणि १९८५ सालीं जपानचे योशिनो यांनीं केलेल्या संशोधनांतून लिथियम-आयन बॅटरी जन्मास आली. १९९१ सालीं सोनी कंपनीनें ती बाजारांत आणली, आणि २०१९ सालीं या तिघांस रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तिची रचना समजण्यास कठीण नाहीं. दोन गांवें आणि मध्यें ओढा अशी कल्पना करा. लिथियमचे विद्युद्भारित कण, ज्यांस आयन म्हणतात ते, चार्ज करतांना धनाग्राच्या गांवाहून ओढा ओलांडून ऋणाग्राच्या गांवीं वस्तीस जातात आणि गाडी चालतांना परत येतात. ऋणाग्र बहुतेक ठिकाणीं ग्रॅफाइटचें असतें. मुख्य भेद आहे तो धनाग्रांत, आणि त्यावरूनच बाजारांतील दोन घराणीं पडलीं आहेत.

पहिलें घराणें निकेल, मँगॅनीज व कोबाल्ट यांचें; त्यास एनएमसी म्हणतात. याच्या एका किलो सेलांत २०० ते २७० वॅट-तास मावतात. ३० युनिटांस सव्वाशें किलोंच्या आसपास सेल पुरतात. थोड्या जागेंत पुष्कळ वीज, म्हणून लांब पल्ल्याच्या मोटारी व चपळ स्कूटरी यांच्यासाठीं हें रसायन पसंत केलें जातें. परंतु त्याचे दोन दोष आहेत. पहिला असा, कीं सेल फार तापला तर धनाग्रांतूनच प्राणवायु सुटूं लागतो. आंत जळण्याजोगा द्राव असतोच. त्यास प्राणवायु घरच्या घरीं मिळाला म्हणजे बाहेरची हवा कोंडून आग विझविण्याचा नेहमींचा उपाय चालत नाहीं. दुसरा दोष माणुसकीच्या दृष्टीनें. जगांतील खाणींतून निघणाऱ्या कोबाल्टपैकीं दोनतृतीयांशाहून अधिक भाग आफ्रिकेंतील कांगो देशांतून येतो, आणि तेथें हातांनीं खणणाऱ्या मजुरांत लहान मुलेंही आढळलीं आहेत. म्हणून कोबाल्ट कमी करण्याकडे कारखानदारांचा कल आहे. परंतु त्याऐवजीं निकेल वाढवावें तों सेलाचें स्थैर्य घटतें.

दुसरें घराणें लोह व फॉस्फेट यांचें. त्यास एलएफपी म्हणतात. याचा पाया गुडइनफ यांच्याच टेक्सासमधील प्रयोगशाळेंत घातला गेला, आणि १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधावर पाढी व नंजुंडस्वामी या भारतीय वंशाच्या दोन संशोधकांचीं नांवेंही आहेत. यांत प्राणवायु फॉस्फरसशीं इतका घट्ट बांधलेला असतो कीं उष्णतेनें तो सहजासहजीं सुटत नाहीं. तापून बेफाम होण्याची पायरी एनएमसींत साधारणपणें २१० अंश सेंटिग्रेडच्या सुमारास येते, तर येथें २७० अंशांच्या सुमारास. आणि ती आली तरी भडका सौम्य असतो. कोबाल्ट व निकेल लागत नसल्यामुळें किंमत कमी पडते. एनएमसी एक ते दोन हजार फेऱ्या टिकते, तर ही बॅटरी दोन-तीन हजार फेऱ्या पुऱ्या करते. उणीव आहे ती वजनाची. एका किलो सेलांत १५० ते २०० वॅट-तासच मावतात. म्हणजे ३० युनिटांस पावणेदोनशें किलोंच्या आसपास सेल लागतात. कडाक्याच्या थंडींत ती सुस्तावते, व गोठणबिंदूखालीं चार्ज केल्यास तिला इजा होते. २०२० सालीं निघालेल्या टाटा नेक्सॉन या विजेच्या मोटारींत हेंच रसायन योजिलेलें होतें. आणि २०२४ सालीं जगांत विजेच्या मोटारींसाठीं खपलेल्या बॅटऱ्यांचा जवळजवळ निम्मा भाग याच घराण्याचा होता.

आतां हा हिशेब आपल्या दारांत आणूं. नॉर्वेंतील माणसास थंडीची चिंता; चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांवर जातो, तेथें चिंता उष्णतेची. मार्च २०२२ मध्यें पुण्यांत रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका विजेच्या स्कूटरीनें पेट घेतला. पुढल्याच महिन्यांत नाशिकास मालमोटारीवर लादलेल्या अनेक स्कूटरी जळाल्या. अशा घटनांनंतर सरकारनें बॅटरीच्या कसोट्या कडक केल्या, आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांनीं त्या लागू झाल्या. तथापि एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. सेलांची घडण, त्यांना थंड ठेवण्याची सोय व त्यांवर पहारा करणारी यंत्रणा चांगली असेल तर एनएमसीही वर्षानुवर्षें सुखरूप चालते. आणि हीच व्यवस्था गचाळ असेल तर एलएफपीचाही भरंवसा धरतां येत नाहीं.

दोन्ही घराण्यांस वागविण्याची रीतही भिन्न आहे. एनएमसी बॅटरी नित्याच्या वापरांत ऐंशी टक्क्यांच्या सुमारास भरून थांबावें. कांठोकांठ भरून ती दिवसेंदिवस उन्हांत ठेवल्यास लवकर जीर्ण होते. एलएफपीचा विद्युद्दाब मात्र ती बरीच भरलेली असतां व अर्धी रिकामी असतां जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळें आंत किती वीज उरली हें यंत्रास नीट उमजत नाहीं. म्हणून तिला आठवड्यांतून एकदां शंभर टक्के भरावें, असा सल्ला अनेक कारखानदार देतात. दोहोंस लागू असा नियम हा, कीं कडक उन्हांतून आल्याबरोबर गाडी चार्जिंगला लावूं नये, बॅटरी निवूं द्यावी. आणि स्कूटर जिन्याखालीं, बाहेर पडण्याच्या वाटेवर ठेवून रात्रभर चार्ज करूं नये. आग क्वचितच लागते. पण लागली तर घरच्या माणसांची वाट मोकळी असली पाहिजे.

या दोन घराण्यांशेजारीं सोडियमचें तिसरें घराणें उदयास येत आहे. सोडियम मिठांतच असल्यामुळें त्याचा तुटवडा नाहीं. डिसेंबर २०२३ मध्यें पुण्याच्या केपीआयटी कंपनीनें आपलें सोडियम-आयन बॅटरीचें तंत्र जाहीर केलें. वजनाच्या बाबतींत हें रसायन लिथियमच्या मागें आहे. परंतु थंडी त्यास चांगली सोसते आणि स्वस्ताईची आशा आहे.

तात्पर्य, सर्वांत चांगली बॅटरी कोणती, या प्रश्नास कोणत्या कामासाठीं, हा दुसरा प्रश्न जोडल्यावांचून उत्तर देतां येत नाहीं. ज्यास वारंवार दूरच्या गांवीं जावयाचें आहे, त्यानें एनएमसीचा हलकेपणा पाहावा. शहरांतल्या शहरांत रोज चाळीस-पन्नास किलोमीटर जाणाऱ्या आणि गाडी दहा वर्षें वापरूं इच्छिणाऱ्या कुटुंबास, आपल्या उष्ण हवेंत, एलएफपी अधिक सोयीची, असें माझें मत आहे. मात्र पैसे मोजण्यापूर्वीं तीन गोष्टी विक्रेत्याकडून लेखी घ्याव्या : रसायन कोणतें, हमी किती वर्षांची, व तोंवर किती टक्के क्षमता उरेल, आणि निकामी झालेली बॅटरी परत कोण घेईल. २०२२ च्या नियमांनीं ही शेवटची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. ज्या पेटीवर घरांतील माणसें रोज बसणार, तिच्याविषयीं इतकी चौकशी करणें गृहस्थाच्या कर्तव्यांतच मोडतें.