पाण्याची टाकी आणि सफरीचा खर्च

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन दोन-तीन महिन्यांच्या सफरीवर निघायचं ठरलं की पहिला हिशेब मांडला जातो तो इंधनाचा. त्यात चूक काही नाही. मोठी मोटरहोम गॅलनला साधारण 8 मैल जाते, म्हणजे लिटरला साडेतीन किलोमीटरही नाही. लॉस एंजेलिसहून ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यापर्यंतच्या जवळपास 800 किलोमीटरसाठी सव्वादोनशे लिटरच्या वर इंधन जळतं. पण स्वस्त पंप शोधत हिंडून यातले फार थोडे डॉलर वाचतात. खरी बचत गाडी उभी ठेवण्यात आहे, आणि ती किती दिवस उभी राहू शकेल हे ठरतं पाण्यावर.

पश्चिमेकडच्या राज्यांत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याच्या बऱ्याचशा मोकळ्या जमिनीवर 28 दिवसांत 14 दिवस फुकट मुक्काम करता येतो. तिथे नळ नसतो, वीज नसते, सांडपाण्याची सोय नसते. विजेचं सौर पॅनेलवर बऱ्यापैकी भागतं; पाण्याचं तसं नाही. टाकी 150 लिटरची आणि शॉवरचं पाणी मिनिटाला सात-आठ लिटर, म्हणजे दोघांच्या दहा-दहा मिनिटांच्या अंघोळीत टाकी रिकामी. शिवाय सांडपाण्याची टाकी आधी भरली, तर चांगलं पाणी शिल्लक असूनही गाडी हलवावी लागते. मग डंप स्टेशनची फेरी, तिथलं शुल्क, आणि वाटेत दुकान दिसलं म्हणून झालेली खरेदी. भांडी घासण्याची पद्धत इंधनाच्या बिलाला भिडते ती अशी. म्हणून ताटं आधी कागदाने पुसून घ्यावीत, साबणाचं पाणी फवाऱ्याच्या बाटलीने मारावं आणि मग बेताच्या पाण्यात विसळावीत. अंघोळीत साबण लावताना नळ बंद. आपला डाळ-तांदळाचा शिधा अशा मुक्कामाला फार सोयीचा: कोरडा, टिकाऊ, फ्रीजची जागा न अडवणारा. कुकरमध्ये डाळ-भात एकदमच लावला की प्रोपेनही वाचतो, आणि तांदळाचं धुवण खरकट्या भांड्यांवर पहिला हात फिरवायला उपयोगी पडतं. टाकी मात्र घरूनच काठोकाठ भरून नेऊ नये. लिटरमागे किलोभर वजन शेकडो मैल ओढण्यापेक्षा मुक्कामाजवळच्या गावात ती भरावी.

यावर कोणी म्हणेल, लहान मुलं किंवा भारतातून आलेले आईवडील बरोबर असताना असं मोजूनमापून राहणं कुणाला जमणार? शंका रास्त आहे. त्यांनी नळ-विजेच्या कॅम्पग्राउंडवर खुशाल पैसे द्यावेत, पण तिथेही आठवड्याचा किंवा महिन्याचा दर रोजच्या दरापेक्षा बराच कमी पडतो, म्हणजे एका जागी टिकणाऱ्याचाच फायदा. ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ ला पोसा इथे 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या अख्ख्या हंगामाच्या मुक्कामाचं शुल्क अलीकडच्या वर्षांत 180 डॉलर राहिलं आहे, आणि तिथे पाणी भरण्याची आणि टाक्या रिकाम्या करण्याची सोयही आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: सुट्टीच दोन आठवड्यांची असेल तर थांबायचं कधी? इथे आरव्हीची बाजू खरोखर लंगडी पडते. भाड्याच्या गाडीला ठरावीक मैलांपुढे बहुधा दर मैलाला वेगळा आकार लागतो, जनरेटरच्या तासांचाही अनेकदा लागतो. थोड्या दिवसांत पाच-सहा राष्ट्रीय उद्यानं पाहायची असतील, तर साधी मोटार आणि मोटेल हा मार्ग बहुतेक वेळा स्वस्त पडतो, आणि अशा कुटुंबांनी तोच धरावा.