मधुमेहाचा दिनक्रम: ताट, घड्याळ आणि रक्तातील साखर

मधुमेह झालेली व्यक्ती डॉक्टरांना साधारणपणे दोन-तीन महिन्यांतून एकदा भेटते आणि ती भेट काही मिनिटांत संपते. मधल्या काळात काय जेवायचे, किती वाजता जेवायचे, औषध जेवणाआधी घ्यायचे की नंतर आणि चक्कर आल्यास काय करायचे, हे सारे निर्णय तिला व तिच्या घरातील माणसांनाच घ्यावे लागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे पूर्वमधुमेहाच्या अवस्थेत आहेत. याच पाहणीत गोव्यातील प्रौढांमधील प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. इतक्या मोठ्या संख्येने आढळणाऱ्या आजाराचे रोजचे व्यवस्थापन ज्या घरांत व्हायचे आहे, तेथे त्याविषयी आजही ‘गोड बंद’ या दोन शब्दांपलीकडे फारसे बोलले जात नाही, आणि हीच या आजाराच्या उपचारातील मोठी उणीव आहे.

भात, पोळी, भाकरी, बटाटा किंवा साखर यांतील पिष्टमय व शर्करायुक्त घटकांचे पचनानंतर मुख्यतः ग्लुकोजमध्ये रूपांतर होते आणि ते रक्तात उतरते. जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन हे संप्रेरक त्या ग्लुकोजला स्नायू व चरबीच्या पेशींत शिरण्यास मदत करते आणि यकृताला नवे ग्लुकोज सोडण्यापासून आवरते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, जो बहुधा लहान वयात सुरू होतो, इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट झालेल्या असल्याने बाहेरून इन्शुलिन घेणे जगण्यासाठीच आवश्यक असते. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिन असते, परंतु शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही आणि कालांतराने त्याचा पुरवठाही अपुरा पडू लागतो. हा दुसरा प्रकार लठ्ठ माणसांनाच होतो, हा समज भारतीयांबाबत विशेष घातक आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय शरीररचनेच्या अभ्यासातून दाखवून दिले की वरकरणी सडपातळ दिसणाऱ्या भारतीय व्यक्तीच्या शरीरात, विशेषतः पोटाभोवती, त्याच उंचीच्या व वजनाच्या युरोपीय व्यक्तीपेक्षा चरबी अधिक आणि स्नायू कमी असू शकतात. त्यामुळे वजनकाटा निर्धास्त करत असला, तरी कमरेचा घेर वाढत असेल तर तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

आता ताटाकडे वळावे. चहातील साखर सोडल्यानंतर तीन पोळ्या, भाताचा मोठा वाढा आणि बटाट्याची भाजी असे जेवण चालू राहिले, तर रक्तातील साखर फारशी उतरत नाही, कारण शरीराच्या दृष्टीने तो सारा पिष्टमय आहारच असतो. साखरेऐवजी गूळ किंवा मध घेणाऱ्यांचीही फसगत होते, कारण या दोन्हींमुळे रक्तातील साखर जवळजवळ साखरेसारखीच वाढते. ज्वारी-बाजरीची भाकरी तंतुमय असल्याने मैद्याच्या पावापेक्षा निश्चित चांगली, पण ‘भाकरीने साखर वाढत नाही’ असे मानून चार भाकऱ्या खाल्ल्या, तर परिणाम वेगळा होत नाही. ताटातील अर्धा भाग पालेभाज्या, फळभाज्या व कोशिंबिरीने, पाव भाग मटकीची उसळ, डाळ, अंडी, मासे किंवा पनीर अशा प्रथिनयुक्त पदार्थांनी आणि उरलेला पाव भाग भाकरी, पोळी किंवा भाताने भरावा, हा हिशेब मराठी स्वयंपाकात काहीही परके न आणता जमवता येतो. कोशिंबीर, भाजी व उसळ आधी आणि भात शेवटी खाल्ल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते, असेही अभ्यासांत दिसून आले आहे.

मराठी घरांत खरी कसोटी लागते ती उपवासाला. एकादशी, चतुर्थी, संकष्टी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र यांत ज्याला ‘फराळ’ म्हटले जाते, त्यातील साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. रताळे, बटाटा आणि वरईचे तांदूळ यांतही पिष्टाचाच भरणा असतो. सकाळपासून उपाशी राहून दुपारी साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या व्यक्तीची साखर त्यामुळे दोन्ही बाजूंनी बिघडते, कारण ग्लिमेपिराइडसारखी, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावणारी गोळी रिकाम्या पोटी घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरते आणि खिचडीनंतर तीच साखर झपाट्याने चढते. श्रद्धेच्या बाबतीत कोणी कोणाला उपदेश करू नये, हे खरे. परंतु उपवास करायचाच असेल तर त्या दिवशीच्या औषधांची मात्रा डॉक्टरांना आधीच विचारून ठरवावी, आणि फराळात शेंगदाणे, दही, ताक, राजगिरा, काकडी व दुधी यांचा वाटा वाढवून साबुदाण्याचा वाटा वाटीभरावर आणावा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय निर्जळी उपवासाच्या वाटेला जाऊच नये.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालणे हा बिनखर्चाचा उपाय असूनही त्याची उपेक्षा होते. हालचाल करणारे स्नायू इन्शुलिनची वाट न पाहताही रक्तातील ग्लुकोज ओढून घेतात.

साखर मोजण्याविषयीही बरेच गैरसमज आहेत. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘फास्टिंग’ म्हणजे किमान आठ तास उपाशीपोटी घेतलेली आणि ‘पीपी’ म्हणजे जेवणानंतर दोन तासांनी घेतलेली नोंद असते. बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी पहिली ८० ते १३० आणि दुसरी १८० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत असावी, असे उद्दिष्ट मानले जाते, आणि वृद्धांसाठी डॉक्टर ते शिथिल करतात. पुष्कळ लोक फक्त सकाळची साखर पाहतात आणि ती वाढलेली दिसली की रात्रीच्या जेवणाला दोष देतात. प्रत्यक्षात पहाटे शरीरातील काही संप्रेरकांच्या प्रभावाने यकृत ग्लुकोज सोडते आणि काहीही न खाता साखर चढू शकते. म्हणून आठवड्यातून काही वेळा जेवणाआधी व त्याच जेवणानंतर दोन तासांनी अशी जोडीने नोंद घेतल्यास कोणते जेवण आपल्याला मानवत नाही, हे कोणत्याही पुस्तकी यादीपेक्षा अधिक स्पष्ट कळते. मोजण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण आंबा किंवा केळे हाताळलेल्या बोटावरील रस आकडा फुगवतो. सुई बोटाच्या टोकाऐवजी कडेला टोचावी, तेथे दुखते कमी. घरगुती ग्लुकोमीटरला सुमारे १५ टक्क्यांच्या फरकाची मुभा असते, त्यामुळे एकदा १५० आणि लगेच १६२ आल्यास घाबरण्याचे कारण नसते.

‘तीन महिन्यांची सरासरी’ म्हणून ओळखली जाणारी एचबीएवनसी चाचणी तांबड्या रक्तपेशींतील हिमोग्लोबिनला चिकटलेल्या ग्लुकोजचे प्रमाण सांगते. या पेशी सुमारे १२० दिवस जगत असल्याने तपासणीपूर्वीच्या चार दिवसांत केलेले कडक पथ्य तिच्यापुढे टिकत नाही. हे आकडे लपवण्याची किंवा तात्पुरते सुधारून दाखवण्याची वेळ रुग्णांवर का येते, याचा विचार मात्र कुटुंबीयांनी आणि डॉक्टरांनीही करायला हवा: साखर वाढली की ‘पुन्हा गोड खाल्लेस ना’ असे विचारले जात असेल, तर माणूस खरे सांगेनासा होतो आणि उपचार चुकीच्या माहितीवर चालू राहतो. शिवाय ही चाचणीही सर्वत्र भरवशाची नसते. रक्तक्षयात तिचा आकडा दिशाभूल करू शकतो, आणि विदर्भ व नंदुरबारच्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातही तिच्यावर विसंबता येत नाही.

साखर ७० च्या खाली जाणे हा तत्काळ धोका असतो. हातापायांना कंप, घाम, छातीत धडधड, अचानक भूक, चिडचिड आणि पुढे असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावीत. अशा वेळी सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि साखर चढली नसेल तर तेवढीच मात्रा पुन्हा द्यावी. स्निग्ध पदार्थांमुळे साखर शोषली जाण्यास वेळ लागत असल्याने चॉकलेट किंवा पेढा येथे उपयोगाचा नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

औषधांबाबत दोन गोष्टी आवर्जून सांगायला हव्यात. मेटफॉर्मिन हे सर्वाधिक वापरले जाणारे औषध दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, आणि हे जीवनसत्त्व मुख्यतः प्राणिज अन्नातून मिळत असल्याने शाकाहारी व्यक्तींना त्याची झळ अधिक पोहोचते; पायांना येणाऱ्या मुंग्या मग मधुमेहाच्या खाती मांडल्या जातात, वास्तविक त्यांमागे उपचार करण्याजोगी कमतरता असू शकते. दुसरी गोष्ट इन्शुलिनची. भारतात त्याच्या बाटल्या एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन तीव्रतांच्या मिळतात व त्यांच्या सिरिंजही वेगळ्या असतात. ४० ची सिरिंज वापरून १०० चे इन्शुलिन घेतले, तर अडीचपट मात्रा शरीरात जाते. बाटली आणि सिरिंज यांवरील आकडा प्रत्येक वेळी जुळवून पाहावा, टोचण्याची जागा बदलत राहावी, आणि न उघडलेली बाटली शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्याऐवजी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानाच्या कप्प्यात ठेवावी.

वाढलेली साखर डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा यांची हानी करते, आणि ती हानी बराच काळ दुखत नाही, म्हणूनच ती उशिरा लक्षात येते. संवेदना गेलेल्या पायाला देवळाच्या तापलेल्या फरशीचा चटका किंवा चपलेतील खडा जाणवत नाही, म्हणून रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, तळवे आरशात पाहावेत आणि घरातही अनवाणी फिरू नये. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतील अल्ब्युमिन या प्रथिनाची चाचणी आणि पायांच्या संवेदनेची तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी; दिसायला कमी आल्यावर किंवा पायाला जखम झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा, सारे ठीक वाटत असतानाच ती करून घ्यावी.