इब्न अरबी : अदृश्य जगाचा आरसा

सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबी यांचा जन्म ११६५ मध्ये स्पेनमधील मुर्सिया येथे झाला. १२४० मध्ये दमास्कस येथे ते निवर्तले. दृश्य सृष्टी आणि निराकार आत्मजगत यांना जोडणारे एक मधले जग आहे, असे ते मानीत. त्यास ते ‘बरझख’ म्हणत. त्यासाठी त्यांनी आरशाचा दृष्टान्त दिला. प्रतिबिंब आहे म्हणावे, तर हाती लागत नाही. नाही म्हणावे, तर डोळ्यांना दिसते. स्वप्नाचेही तसेच आहे. दिवंगत आई स्वप्नात दिसली, तर त्यांच्या दृष्टीने तो निव्वळ भास नव्हे. पण दिसलेले रूप म्हणजे अंतिम सत्यही नव्हे. रूप ओलांडून अर्थाकडे जावे लागते. स्वप्नाचा अर्थ लावणे यासाठीचा अरबी शब्द ‘ताबीर’ हा ‘ओलांडणे’ या अर्थाच्या धातूपासूनच बनला आहे.