प्रश्नाआधी दुभाषी

मुलांसाठीचा कायदा : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण बालकल्याण समितीपुढची पहिली हजेरी पाहिली. हरवलेले, टाकून दिलेले किंवा घरातच धोका असलेले मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत समितीसमोर आणावे लागते. समितीचे अध्यक्ष आणि सदस्य त्याला नाव, गाव, घरचे हालहवाल विचारतात. रात्री ते कुठे झोपणार याचा आदेश बहुतेक वेळा त्याच बैठकीत निघतो. या सगळ्यात एक गोष्ट धरून चाललेली असते: मुलाला प्रश्न ऐकू येतो आणि त्याचे उत्तर समितीला कळते. मूल कर्णबधिर असले की हा पायाच निसटतो. कागद तरीही भरले जातात, कारण रकाना रिकामा ठेवून आदेश काढता येत नाही.

अशा वेळी समोर बसलेली माणसे आपापल्या परीने धडपडतात. कोणी आवाज चढवतो, कोणी सावकाश बोलून ओठांकडे बघायला सांगतो, कोणी कागद-पेन पुढे करतो. हेतू चांगलाच असतो, पण हे उपाय मुलाला मदत करत नाहीत. प, ब आणि म हे तिन्ही ओठ मिटून निघणारे आवाज बघणाऱ्याला सारखेच दिसतात. त्यामुळे ‘माय कुठे आहे?’ आणि ‘पाय कुठे आहे?’ यांत ओठांवर काहीच फरक नसतो. लिहून विचारावे तर जन्मापासून न ऐकलेल्या मुलाला मराठी ही कानावर न पडलेली, फक्त अक्षरांतून शिकायची भाषा असते. शाळेत गेलेले मूलही स्वतःचे नाव सुरेख लिहील, पण ‘तुला घरी कोण मारते?’ हे वाक्य त्याला उलगडेलच असे नाही.

मान हलवण्याची सवय याहून घातक आहे. ऐकणाऱ्यांच्या जगात वाढलेले कर्णबधिर मूल फार लवकर शिकते की होकार दिला की मोठ्यांचे चेहरे निवळतात आणि प्रश्न थांबतात. ‘काकाकडे राहशील ना?’ या प्रश्नावरची डोलावलेली मान ‘बालकाने संमती दर्शवली’ अशी अहवालात उतरते. म्हणून या कामातली जाणती माणसे हो-नाहीत उत्तर मिळेल असा प्रश्न शक्यतो टाळतात. कोण, कुठे, मग काय झाले असे विचारून ती मुलाला स्वतःहून सांगू देतात.

दुभाषी आला म्हणजे सगळे सुटले असेही नाही. बहुतेक कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात. कर्णबधिरांच्या शाळेपर्यंत न पोहोचलेल्या मुलाकडे भारतीय सांकेतिक भाषा नसते. त्याच्याकडे असतात त्या घरच्या खुणा, आई, भावंडे आणि शेजारपाजार यांच्यात तयार झालेल्या. दिल्लीतल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या कोशात १० हजारांहून अधिक शब्द आहेत, पण गावातल्या एका मुलीने आपल्या मामासाठी केलेली खूण त्यात कुठून असणार? अशा ठिकाणी दुहेरी व्यवस्था लागते. ऐकणाऱ्या दुभाष्याच्या जोडीला एक प्रशिक्षित कर्णबधिर व्यक्ती बसते. ती चित्रे, अभिनय आणि मुलाच्याच खुणा वापरून अर्थापर्यंत पोहोचते आणि तो सांकेतिक भाषेत दुभाष्याला सांगते. याला वेळ लागतो. हा वेळ बैठकीच्या यादीत आधीच राखून ठेवला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

हे न झाल्याची किंमत किती, ते गीताच्या आयुष्यात दिसते. लहानपणी समझौता एक्स्प्रेसमधून लाहोरला पोहोचलेली ही कर्णबधिर मुलगी पाकिस्तानात एधी फाउंडेशनच्या आसऱ्याने वाढली. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी ती भारतात परतली. त्याआधी छायाचित्र पाहून तिने बिहारमधले एक कुटुंब आपले म्हणून दाखवले होते, पण प्रत्यक्ष भेटीत तिला ओळख पटली नाही आणि डीएनएही जुळला नाही. पुढे इंदूरमध्ये ती सांकेतिक भाषा शिकली. ती भाषा जाणणाऱ्यांनी तिच्याशी बोलून घराजवळचे रेल्वे स्टेशन, नदी, देऊळ, शेते अशा आठवणी जुळवल्या, तेव्हा शोध मराठवाडा आणि तेलंगणाच्या बाजूला वळला. २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या एका आईने तिला आपली मुलगी म्हणून ओळखले. त्या आठवणी इतकी वर्षे तिच्याजवळच होत्या. त्या विचारायला आणि समजून घ्यायला भाषा नव्हती.

आपल्या समित्यांकडे एवढी वर्षे नसतात. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ३८ नुसार अनाथ किंवा टाकून दिलेल्या मुलाच्या पालकांचा शोध घेऊन ते दत्तक देण्यास कायदेशीररीत्या मोकळे आहे, हे जाहीर करायला दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी दोन महिने आणि त्याहून मोठ्यासाठी चार महिने मिळतात. मुलांनी संस्थेत खितपत पडू नये म्हणून ही मुदत आहे आणि ती योग्यच आहे. पण पाच वर्षांच्या कर्णबधिर मुलाशी या चार महिन्यांत एकदाही त्याला कळेल अशा रीतीने कोणी बोलले नसेल, तर ‘पालकांचा शोध लागला नाही’ या वाक्याला काय अर्थ उरतो? शोधाचा सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार समितीसमोरच बसलेला होता.

कायदा काय म्हणतो ते बारकाईने पाहू, कारण इथे एक फट आहे. याच अधिनियमाच्या कलम ८ मध्ये, कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाला कामकाजाची भाषा समजत नसेल तर बाल न्याय मंडळाने दुभाषी द्यावा, असे स्पष्ट लिहिले आहे. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यातही अपंग मुलाचा जबाब घेताना विशेष शिक्षकाची किंवा मुलाची संवादाची पद्धत जाणणाऱ्या व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद आहे. बालकल्याण समितीची कामे सांगणाऱ्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३० मध्ये मात्र तसे वेगळे वाक्य नाही. म्हणजे मुलावर आरोप असेल किंवा त्याच्यावर अत्याचार झाला असेल तर दुभाष्याचा उल्लेख कायद्यात सापडतो. ते नुसतेच हरवले असेल, किंवा त्याने कुठे राहावे हे ठरवायचे असेल, तर दुभाषी देणे समितीच्या समजुतीवर राहते.

तरीही समितीची जबाबदारी सुटत नाही. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चे कलम १२ न्यायिक, अर्धन्यायिक आणि तपासाचे अधिकार असलेल्या सगळ्या यंत्रणांना लागू होते. अपंग व्यक्तीला तिच्या पसंतीच्या भाषेत आणि संवादमाध्यमात म्हणणे मांडता यावे, यासाठी सोयी करण्याचे कर्तव्य त्यात सांगितले आहे. समितीला दंडाधिकाऱ्यांच्या खंडपीठाचे अधिकार आहेत, तेव्हा ती या कलमाबाहेर जाऊ शकत नाही.

दुभाषी कोण असावा, हा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. राजस्थानातील एका खून खटल्यात मूकबधिर साक्षीदार महिलेच्या खुणांचा अर्थ तिच्या वडिलांनीच सांगितला होता आणि त्यांना त्यासाठी शपथही दिलेली नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये म्हटले, की दुभाषी साक्षीदाराच्या परिसरातला असावा, पण प्रकरणात त्याचे हितसंबंध नसावेत आणि त्याला शपथ दिली जावी. नोंदही नुसत्या अर्थाची करून भागत नाही, ती खुणांचीच व्हायला हवी. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना कर्णबधिर मुलाच्या म्हणण्याचे चित्रीकरण न करण्याला मला तरी कोणतेही कारण दिसत नाही.

ही कसोटी निवासी शाळांतल्या मुलांना लावून पाहा. मुलाच्या खुणा कळणारी तालुक्यातली एकमेव व्यक्ती त्याच शाळेची शिक्षिका असते. मुलाची तक्रार शाळेतल्याच कोणाबद्दल असेल तर? शिक्षिका कितीही सज्जन असो, तिची नोकरी, तिचे सहकारी आणि तिचे वरिष्ठ त्या खोलीत अदृश्यपणे बसलेले असतात आणि मुलाला ते जाणवते. अशा वेळी दुसऱ्या जिल्ह्यातला दुभाषी बोलावावा किंवा निदान व्हिडिओ कॉलवर घ्यावा. नातेवाईक किंवा संस्थेचा कर्मचारी नाव-गाव समजेपर्यंतच्या तातडीपुरता ठीक.

आता पालकांकडे वळू. मूल ऐकते आणि आईवडील कर्णबधिर आहेत, अशी घरेही समितीसमोर येतात. तिथे सर्रास मुलालाच दुभाषी केले जाते. आठ वर्षांच्या मुलाने स्वतःच्या बापावरचा आरोप बापाला खुणांनी सांगायचा, ही त्या दोघांवरची क्रूरता आहे. अमेरिकेच्या नियमांत तातडीचा धोका सोडल्यास लहान मुलाकडून दुभाष्याचे काम घ्यायला मनाई आहे. आपण तेवढे तरी आजपासून पाळू शकतो.

मूल समर्पित करणाऱ्या, म्हणजे ते स्वतःहून समितीच्या हवाली करणाऱ्या कर्णबधिर आईचा विचार तर सुचतही नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३५ नुसार समर्पणाआधी समितीने चौकशी आणि समुपदेशन करायचे असते आणि त्यानंतर फेरविचाराला दोन महिने द्यायचे असतात. पण समुपदेशनच कळले नाही, तर दोन महिन्यांत मन बदलता येते हे तिला कसे समजणार? पालकांच्या अपंगत्वावरून मूल वेगळे करू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराच्या अनुच्छेद २३ मध्ये म्हटले आहे. हा करार भारताने २००७ मध्ये मान्य केला. आपल्या २०१६ च्या कायद्याचे कलम ९ मात्र फक्त अपंग मुलाबद्दल बोलते, अपंग आईवडिलांबद्दल नाही. ही उणीव दुरुस्त व्हायला हवी.

मग दुभाषी आणायचा कुठून? याचे उत्तर नियमांत तयार आहे. पोक्सो नियम २०२० नुसार प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुभाषी, अनुवादक, विशेष शिक्षक आणि आधार व्यक्ती यांची नोंदवही ठेवायची आहे. सांकेतिक भाषेच्या दुभाष्याकडे मान्यताप्राप्त पात्रता असावी. त्याने काही गाळू नये किंवा पदरचे घालू नये, आणि हितसंबंध असल्यास ते उघड करावेत. त्याचे मानधन बाल न्याय निधीतून किंवा कक्षाच्या हाती असलेल्या इतर निधीतून देता येते आणि ते कुशल कामगाराच्या किमान वेतनाहून कमी असू नये. ही नोंदवही गुन्ह्याच्या प्रकरणांपुरती कपाटात न ठेवता समितीच्या प्रत्येक प्रकरणासाठी वापरावी, ही माझी मुख्य मागणी आहे. पोलिसांचा किंवा १०९८ या मदतवाणीचा फोन आला आणि मूल कर्णबधिर असल्याचे कळले, की गाडी निघण्याआधी दुभाष्याला फोन जावा.

तुमच्या जिल्ह्यात ही नोंदवही कशी आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांच्या नावे करा. नोंदवहीत सांकेतिक भाषेचे किती दुभाषी आहेत, ती शेवटची कधी अद्ययावत झाली, आणि गेल्या आर्थिक वर्षात किती प्रकरणांत दुभाष्यांना मानधन दिले गेले, एवढे तीन प्रश्न पुरेत. मुलांची नावे मागू नका, ती गोपनीय असतात आणि तशीच राहायला हवीत.

(पुढील लेख : बालगृहात दाखल झाल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस आणि सामाजिक तपास अहवाल)