शिक्षा मागणारा आरोपी

१८ मार्च १९२२. अहमदाबादच्या न्यायालयात राजद्रोहाचा आरोप कबूल करून गांधीजींनी कठोरात कठोर शिक्षा मागितली. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या १९०८च्या खटल्याचा दाखला देत सहा वर्षांची कैद ठोठावली. सविनय कायदेभंगात शिक्षा चुकवायची नसते; ती भोगूनच अन्याय चव्हाट्यावर आणायचा असतो.

बंदचा हिशेब वेगळा.

३० जुलै २००३च्या मुंबई बंदबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने तो पुकारणाऱ्या शिवसेना आणि भाजपला प्रत्येकी २० लाखांचा दंड केला. तिथे झळ पुकारणाऱ्यांना नव्हे, सामान्य मुंबईकरांना बसली होती. रस्ता अडवण्याचेही तसेच. दिल्लीतील शाहीनबागच्या धरण्याच्या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निषेधाचा हक्क मान्य केला, मात्र सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, असे बजावले. निषेधासाठी वेगळी जागा ठेवता येते: मुंबईत आंदोलनांसाठी आझाद मैदान नेमून दिलेले आहे.