उजनीच्या पाइपातली हवा

सोलापुरात पाणी येण्याच्या दिवशी नळ सोडला की आधी फुसफुस होते, मग गचके देत थोडं पाणी येतं, पुन्हा हवा, आणि शेवटी धार लागते. हवा आणि पाणी एकाच नळीत आले की असंच होतं. दोघांचा वेग सारखा राहत नाही. पाणी हवेच्या सुमारे आठशे पट जड आहे.

उजनी धरणातून शहराकडे येणारी जलवाहिनी शंभर किलोमीटरांहून लांब आहे. जमिनीच्या चढउतारांबरोबर तीही चढते-उतरते आणि प्रत्येक माथ्यावर हवा साठू पाहते. काही हवा वाहिनी भरताना आत अडकते, तर काही पाण्यातच विरघळलेली असते. नेहमीच्या दाबाला पाण्यात त्याच्या आकारमानाच्या साधारण दोन टक्के हवा मावते. दाब वाढला की जास्त मावते, माथ्यावर तो उतरला की बुडबुडे सुटतात.

चढावर बुडबुडे पाण्याबरोबर सहज पुढे जातात. खरा पेच पलीकडच्या उतारावर असतो. तिथे प्रवाह बुडबुड्याला खाली ओढतो, तर तो स्वतः वर जाऊ पाहतो. वेग कमी पडला की बुडबुडे मागे फिरतात, एकमेकांत मिसळतात आणि हवेचा लांबट कप्पा तयार होतो. पाणी त्याच्या खालून चिंचोळ्या वाटेनं निघतं. उतारावर कप्पा जेवढी उंची व्यापतो, जवळजवळ तेवढ्या उंचीचा दाब वाया जातो. पाच माथ्यांवर कप्पे असतील तर पाचांची बेरीज होते. मग पंप चालू असूनही शहरात पाणी कमी पोचतं.

मोठा पाइप टाकला की झालं, असं वाटेल. पण हवा ढकलून नेणारा वेग व्यासाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. व्यास चौपट केला तर वेग दुप्पट लागतो. या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच.

म्हणून माथ्यांवर एअर व्हॉल्व्ह बसवतात. हवा साठली की आतला तरंगता गोळा खाली येऊन छिद्र उघडतो, पाणी चढलं की बंद करतो. वाहिनी रिकामी होताना हाच व्हॉल्व्ह बाहेरची हवा आत घेतो, नाहीतर निर्वातामुळे पोलादी पाइपही चेपू शकतो. टंचाईत घागरभर पाण्यासाठी असा व्हॉल्व्ह फोडला जातो, तेव्हा सांडलेलं पाणी दिसतं. वाहिनीचं संरक्षण गेलेलं दिसत नाही.

उजनीचंच पाणी सोलापूरजवळच्या एनटीपीसीच्या औष्णिक केंद्रालाही जातं. तिथे 660 मेगावॉटचे दोन संच आहेत. बॉयलरच्या नळीत पाण्याबरोबर हवेऐवजी वाफ असते. जुन्या पद्धतीच्या बॉयलरमध्ये नळीच्या आतल्या भिंतीवरचा पाण्याचा थर सुकला, की ती तापून फुटण्याचा धोका असतो. हे संच सुपरक्रिटिकल आहेत, म्हणजे त्यांतला दाब 221 बारच्या वर असतो. त्या दाबाला पाणी उकळत नाही, बुडबुडा बनतच नाही. तापमान वाढतं तसं पाणी सलगपणे विरळ होत जातं. मात्र संच सुरू करताना दाब कमी असतो, तेव्हा वाफ आणि पाणी वेगळं करायला सेपरेटर लागतोच.